मध्य नसलेली शेजारीण

माझ्या वडिलांना सगळे पेंटर म्हणतात. आईसुद्धा म्हणते, पण फक्त चिडलेली असली की. एरवी ती त्यांना 'अहो' म्हणते. गेल्या वर्षभरात आमच्या घरात 'अहो' ऐकू आलेलं मला आठवत नाही.

बाबांनी पंचेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांची खासियत म्हणजे रेघ. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. भिंतीशी उभं राहायचं, श्वास भरून घ्यायचा आणि ब्रश टेकवला की हात पुरेल तिथपर्यंत एका दमात जायचं. लोक चपला घ्यायला आलेले असायचे आणि दुकानाच्या दारात उभे राहून रेघच बघत बसायचे. मग गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही घाबरलो नाही. पण बाबा घरी बसले, आणि त्यापेक्षा घाबरलो असतो तर परवडलं असतं.

कारण घरी बसून त्यांनी घरच रंगवायला घेतलं. आधी जिन्याच्या पायऱ्यांवर आकडे घातले. आमच्या जिन्याला सात पायऱ्या आहेत, त्या चुकायची भीती आजवर कोणाला वाटली नव्हती. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं आली. साखरेच्या डब्यावरची रेघ हलली म्हणून त्यांनी तिच्यावर रंग देऊन दुसरी काढली, तीही हलली म्हणून तिसरी. चौथ्या थरानंतर झाकण बसेना आणि साखरेला मुंग्या लागल्या. आईने तो डबा माझ्यापुढे धरला आणि डोळ्यांनी खुणावलं.

"छान झालंय, बाबा," मी म्हटलं.

"छानच झालंय," आई म्हणाली. मुंग्यांचं मत कोणी विचारलं नाही.

हे 'छान झालंय' आम्ही त्यांना वर्षभर दिवसातून तीनदा पाजत होतो. दाताच्या डॉक्टरांनीही तेच पाजलं. बाबांनी रंगवलेली शेवटची पाटी त्यांच्या दवाखान्याची. बघून ते 'छान' म्हणाले आणि आठ दिवसांत तिच्यावर छापील पाटी ठोकून मोकळे झाले. तेव्हापासून बाबा त्या रस्त्याने जाईनात. बाजारात जायचं तर मागच्या बाजूने लांबून वळसा घालून जायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे होतात."

मी वेधशाळेत कामाला आहे. लोकांना वाटतं मी तारे बघते. मी पत्रं बघते. आलेली एका वहीत लिहिते आणि गेलेली दुसऱ्या. तारे बघायला आमच्याकडे बाई आहेत. बाई बावीस वर्षं एकाच दीर्घिकेच्या मागे लागल्यात. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट मोठा मेळा, आपला सूर्य ज्या मेळ्यात आहे तसाच. पण चित्रांत दिसतात तशा देखण्या, भोवऱ्यासारख्या वळलेल्या दीर्घिकांपैकी बाईंची नाही. तिला वळलेले हात नाहीत, तबकडी नाही, नाव नाही, फक्त यादीतला एक नंबर आहे. शास्त्रात तिला 'अनियमित' म्हणतात. बाई तिला 'शेजारीण' म्हणतात, कारण इतरांच्या मानाने ती जवळ आहे. म्हणजे तिच्याकडून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला तेवीस-चोवीस लाख वर्षं लागतात. आमच्या शेजारणीशी माझे जे संबंध आहेत ते पाहता मला हे अंतर योग्य वाटतं.

तर आमच्या संचालकांच्या मनात आलं की प्रवेशदालनाच्या भिंतीवर बाईंची शेजारीण लावावी. छापील चित्र दोनदा लावून झालं होतं. ती भिंत ओल धरणारी, त्यामुळे दोन्ही वेळा ते पापुद्र्यासारखं सुटून भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडलं. म्हणून भिंत रंगवूनच घ्यायची ठरली. बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. मी वाकून पाहिला. काळ्यावर दुधाचा हात पुसावा तसा एक पांढुरका फराटा, त्यात ठिपकेच ठिपके, आणि डावीकडे वर चार-दोन गुलाबी बुडबुडे. सरळ रेघ औषधालाही नव्हती! ह्यात हात हलला तर कोणाच्या बापाला कळणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मी लगेच माझ्या बापाचं नाव सुचवलं.

"त्यांचा हात थोडा हलतो," मी संचालकांना म्हटलं, "पण ह्यात काय, कसंही काढलं तरी चालून जाईल."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही. मी माझ्या हुशारीवर खूश होते. मला एवढंच हवं होतं की बाबांनी पुन्हा पेंटर व्हावं, आणि हे काम मी का आणलं ते त्यांना मरेपर्यंत कळू नये.

बाबा पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर शिडी, डबे, खडूने माखलेला दोरा आणि हात टेकवायची काठी, जिच्या टोकाला ते कापसाचा बोळा बांधतात. फोटो त्यांनी आडवा धरला, उभा धरला, मग उलटा धरला.

"वरची बाजू कुठली?"

"आकाशात वर-खाली नसतं," बाई म्हणाल्या. "पण असा धरा."

"आणि मध्य?"

"तिला मध्य नाही."

"असं कसं? मध्य सगळ्याला असतो. मोजला नसेल कोणी."

"बावीस वर्षं मोजतेय मी!"

"तेच म्हणतोय," बाबा म्हणाले, "माणूस जवळून बघत राहिला की त्याला दिसत नाही." आणि त्यांनी दोरा ताणला, टणकन सोडला आणि भिंतीच्या बरोब्बर मध्यावर पांढरी रेघ उमटवली. बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. मी घाईघाईने त्यांना एक पत्र दाखवायला नेलं, जे मुळात त्यांचं नव्हतंच.

बाबांचा एक नियम आहे. अर्धवट काम कोणाला दाखवायचं नाही. त्यांनी घरच्या जुन्या चादरी आणून भिंतीपुढे पडदा बांधला. आतून नऊ दिवस शिडी सरकवल्याचा आवाज येत होता आणि मधूनच शीळ. शीळ! वर्षभरात प्रथमच. आई डबा घेऊन यायची, पडद्याखालून आत सरकवायची आणि माझ्या टेबलाशी येऊन बसायची. "घरात किती शांत आहे ग," ती म्हणायची, "डबे उघडतात." माझा जीव भांड्यात पडला होता.

दहाव्या दिवशी सकाळी बाबांनी सगळ्यांना बोलावलं. संचालक, बाई, दोन शिपाई, आई आणि मी. त्यांनी चादर ओढली.

मी सांगते तुम्हाला, सुंदर होतं. इतकं सुंदर होतं की मी घाबरून बाईंकडे पाहिलं. भिंतीच्या मध्यावर एक गोल, नेटकी, चकचकीत दीर्घिका. डावीकडे अर्धी, उजवीकडे तंतोतंत तेवढीच अर्धी. ठिपके एकमेकांपासून सारख्या अंतरावर, शाळेच्या मैदानावर कवायतीला उभे केल्यासारखे. फोटोतले गुलाबी बुडबुडे एकाच कोपऱ्यात होते. बाबांनी ते सारखे वाटून चारी कोपऱ्यांत दिले होते. आणि सगळ्याभोवती सोनेरी दुहेरी काठ.

संचालक म्हणाले, "एकंदरीत छान." ते सगळ्यालाच एकंदरीत छान म्हणतात, गेल्या वर्षी दप्तराच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हासुद्धा म्हणाले होते.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"तुमची शेजारीण," बाबा म्हणाले. "थोडी नीट केली."

"नीट केली?"

"बाई, गिऱ्हाईक काय आणून देतं? चुरगळलेला कागद. त्यावर कसंबसं काहीतरी खरडलेलं असतं. एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला मोकळं. ते तसंच भिंतीवर उतरवलं तर मग पेंटर कशाला हवा? मध्य काढायचा, अंतरं सारखी करायची, तोल आणायचा. पंचेचाळीस वर्षं हेच केलं." ते समजुतीच्या सुरात बोलत होते, अगदी मायेने. "तुमचा फोटो हा कच्चा कागद. हे पक्कं काम."

बाईंचा चेहरा असा काही झाला की एक शिपाई पाणी आणायला पळाला. पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आमच्याकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे चित्राच्या मध्याकडे बघत होतो आणि ते आम्ही काठाकडे बघायची वाट बघत होते. नऊ दिवसांपैकी सहा दिवस त्यांनी त्या काठावर घालवले होते, हे मागाहून कळलं.

"रेघ कशी आहे?" त्यांनी विचारलं. कोणाला असं नाही, सगळ्यांनाच.

रेघ हलली होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, वरची आणि खालची, दोन्ही. आईने तोंड उघडलं, मी तोंड उघडलं, आणि वर्षभराच्या सवयीने आमच्या दोघींच्या ओठांवर एकच औषध आलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "वाकडी आहे."

बाबा बाईंकडे वळले.

"वाकडी आहे ना?" बाबा म्हणाले.

"सगळीकडे. सुरुवातीला कमी, शेवटी जास्त."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी होतं. "वर्षभर विचारतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात दोन माणसं आहेत. दोघींना डोळे आहेत."

इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण बाई सुटल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू! 'ह्यात काय, हात हलला तरी कसंही चालून जाईल,' हेच म्हणाली होतीस ना? अनियमित म्हणजे वाटेल तसं? ह्यातला एकेक ठिपका कुठे आहे हे ठरवायला माझी बावीस वर्षं गेली! भोवऱ्यासारखी दीर्घिका कोणीही काढेल, अर्धी काढली की उरलेली अर्धी अंदाजाने येते. हिचं काहीच अंदाजाने येत नाही. ही सगळ्यात अवघड आहे, म्हणून तर मी हिला धरून बसलेय. आणि तू ती तुझ्या वडिलांना सोपी म्हणून आणून दिलीस!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काठी उचलली, तिच्या टोकाचा बोळा सोडून खिशात घातला आणि मागच्या दाराने निघून गेले. माझ्या वयाच्या बाईने ऑफिसात रडू नये. मी आवक पत्रांच्या वहीवर रडले, त्या पानावरची शाई अजून फुटलेली आहे.

बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही रंगवलंही नाही, आणि ते जास्त वाईट होतं. आई मला म्हणाली, "तू असं करायला नको होतंस." मी म्हटलं, "तू डोळ्यांनी खुणावायचीस." ती म्हणाली, "मी आई आहे." दोघी मिळून मुंग्या लागलेली साखर चाळत बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या बाई खोटं बोलतात का ग?"

"बाई? त्यांना येत नाही. त्यापायी त्यांचं दोनदा प्रमोशन हुकलंय."

"मग अवघड आहे म्हणाल्या ते खरं असणार." त्यांनी उरलेला चहा संपवला. "आणि तू मला सोपं म्हणून दिलंस."

"हो, बाबा."

"ते मी विसरणार नाही," बाबा म्हणाले, आणि शिडी काढायला उठले.

त्यांनी आधी सगळी भिंत काळी केली, सोनेरी काठासकट. बाईंना निरोप गेला. त्या तणतणतच आल्या, पण काळी भिंत पाहून दारातच थांबल्या.

"आता सांगा," बाबा म्हणाले. "मध्य का नाही?"

"ताऱ्यांवरून काढला तर एका जागी येतो. वायूच्या ढगांवरून काढला तर दुसऱ्याच जागी येतो. दोन्ही खरे."

"मग तोल कसा राहतो?"

"ते मला कळलं की तुम्हालाच आधी सांगेन."

"बसा," बाबा म्हणाले, आणि बाईंना खुर्ची दिली. त्या दिवसापासून पडदा बंद झाला.

हे काम पाच आठवडे चाललं. बाई खुर्चीत बसून मोठ्या केलेल्या फोटोवरून सांगायच्या, "डावीकडे तीन बोटं, त्याच्या खाली एक, नाही, अर्धं!" आणि बाबा शिडीवरून ओरडायचे, "अर्धं बोट कोणाचं? तुमचं की माझं?" शेवटी बाबांचंच बोट प्रमाण मानायचं ठरलं. पण हात थरथरायचाच. पहिल्या दिवशी अकरा ठिपके झाले आणि त्यातले सात पुसले. मग बाबांच्या लक्षात आलं की थरथर सारखी नसते, ती येते आणि जाते. डावा हात उजव्याच्या मनगटाखाली धरायचा, ब्रश भिंतीपासून केसभर अंतरावर थांबवायचा आणि वाट बघायची. मधेच एक क्षण हात स्वस्थ होतो. तेवढ्यात टेकवायचा. एका ठिपक्याला कधी एक मिनिट, कधी चार. बाई तेवढा वेळ श्वास रोखून बसायच्या आणि ठिपका पडला की सुस्कारा सोडायच्या. दुर्बिणीवर बसायची सवय म्हणून त्यांना हे जमत असावं. मी असते तर किंचाळले असते.

पाहुणे मागच्या दाराने, माझ्या टेबलाजवळून ये-जा करायला लागले, आणि मी पाच आठवडे विश्वाविषयी एकच प्रश्न ऐकला, तो म्हणजे बाथरूम कुठे आहे. आई आता दोघांचा डबा आणायची. "अहो, हात धुवा," असं ती एकदा शिडीखालून म्हणाली, आणि बाबा मुकाट्याने उतरले. माझ्याशी मात्र ते कामापुरतं बोलायचे. जेवताना समोरासमोर बसायचो, पण मीठ हवं असलं तरी ते आईला सांगायचे आणि आई मला सांगायची.

शेवटच्या दिवशी बाई एका बैठकीसाठी बाहेरगावी होत्या, दुपारी यायच्या होत्या. उरलेले ठिपके बाबांनी एकट्यानेच टाकले. दहाच्या सुमारास शिपाई आला, "पेंटर बोलावताहेत." गेले तर संचालक आधीच तिथे उभे. म्हणाले, "एकंदरीत छान," आणि गेले. दोन्ही शिपाई म्हणाले, "लई भारी." आईने पदराने डोळे पुसले आणि "फारच छान" म्हणाली.

बाबांनी फोटो माझ्या हातात दिला. "तू बघ."

मी बघितलं. भिंतीवर शेजारीण होती. वेडीवाकडी, एका बाजूला कललेली, गुलाबी बुडबुडे एकाच कोपऱ्यात गोळा केलेली. एकही गोष्ट मध्यावर नाही, आणि तरी तिच्यावरून नजर हलत नव्हती. मला ती आवडली, अगदी मनापासून आवडली, आणि तेच म्हणावंसं वाटत होतं. बाबा तळव्यावर तळवा दाबून उभे होते, हात हलू नये म्हणून.

मी फोटो धरून बोटं मोजायला लागले. डावीकडून, वरून, कडेकडेने. वीस मिनिटं लागली. आई दोनदा खाकरली.

"बुडबुड्यांच्या खालचा," मी म्हटलं. "तो तिसरा ठिपका चुकलाय, बाबा. दोन बोटं जास्त उजवीकडे गेलाय."

आईने मला चिमटा काढला. बाबा भिंतीशी गेले, बोटं लावली, फोटो बघितला, पुन्हा बोटं लावली.

"दोन नाही," ते म्हणाले. "अडीच."

मग त्यांनी खांद्यावरची चिंधी काढली. आजवर त्यांच्या भिंतीला त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिलेला नाही, आईचासुद्धा नाही. ती चिंधी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"चढ शिडीवर आणि पूस," बाबा म्हणाले. "मी तोवर पांढरा घोटतो."